डॉ. रखमाबाईंची सुरत



सुरत शहराशी मराठी माणसाचे नाते सांगावयाचे झाले की आपली पाठ्यपुस्तके १६६४ आणि १६७० ही दोन साले पुढे करतात. त्या दोन सालांविषयी आपण लहानपणापासून पुष्कळ ऐकले आहे. आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी तिसरे साल निवडले आहे. ते साल १८९५. त्या वर्षी तिशीतली एक मराठी स्त्री मुंबईहून या शहरात आली, स्त्रियांच्या रुग्णालयाची प्रमुख म्हणून रुजू झाली आणि पुढची सुमारे बावीस वर्षे येथेच राहिली. तिचे नाव डॉ. रखमाबाई.

रखमाबाईंचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. परंतु ते ज्या कारणाने ठाऊक आहे ते कारण सुरतेशी संबंधित नाही. १८८४ ते १८८८ या चार वर्षांत मुंबईच्या उच्च न्यायालयात गाजलेला एक खटला, एवढीच त्यांची ओळख आपल्या सामाजिक इतिहासाने जपली आहे. चार वर्षांच्या वादावर ग्रंथ लिहिले गेले, २०१६ साली चित्रपट निघाला. आणि साडेतीन दशकांच्या वैद्यकीय सेवेला मात्र चरित्राच्या शेवटी एखादा परिच्छेद मिळतो. हे प्रमाण उलटे आहे, असे मला वाटते. रखमाबाईंनी न्यायालयात दिलेला नकार मोठा होता, यात शंका नाही. पण तो नकार कशासाठी होता हे समजून घ्यावयाचे असेल तर न्यायालयातून बाहेर पडून सुरतेच्या दवाखान्यात आले पाहिजे. आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

स्त्रीने डॉक्टर व्हावे ही कल्पना आपल्याकडे कोणत्या वाटेने आली, ते प्रथम पाहू. १८४९ साली न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा येथील महाविद्यालयातून एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी वैद्यकीय पदवी घेतली. अमेरिकेत अशी पदवी मिळविणारी ती पहिली स्त्री. दुसऱ्याच वर्षी फिलाडेल्फिया येथे केवळ स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. या महाविद्यालयाचे आपल्या देशावर मोठे ऋण आहे. तेथून १८६९ साली पदवी घेतलेल्या डॉ. क्लारा स्वेन १८७० च्या जानेवारीत बरेलीला पोहोचल्या आणि त्यांनी स्त्रिया व मुले यांच्यासाठी औषधोपचार सुरू केले. त्याच महाविद्यालयात पुढे कल्याणच्या आनंदीबाई जोशी शिकल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, तेव्हा त्या एकवीस वर्षांच्याही नव्हत्या. हिंदू स्त्रियांची प्रसूती हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

मुंबईतही या प्रयत्नांच्या आरंभी एक अमेरिकन माणूस दिसतो. जॉर्ज किट्रेज हे मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या व्यवसायात असलेले अमेरिकन व्यापारी. डॉक्टर नसलेल्या या गृहस्थाने सोराबजी शापूरजी बेंगाली यांच्यासमवेत एक निधी उभारला. स्त्री-डॉक्टरांना परदेशातून बोलवावे, स्त्रियांसाठी स्वतंत्र रुग्णालय काढावे आणि येथील स्त्रियांना वैद्यकीय शिक्षणाची दारे उघडावीत, असे त्याचे हेतू होते. या निधीच्या बोलावण्यावरून डॉ. एडिथ पीची १८८३ च्या डिसेंबरात इंग्लंडहून मुंबईस आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी एक लाखाहून अधिक रुपयांची देणगी दिली आणि १८८६ साली कामा रुग्णालय उघडले. एडिनबरो विद्यापीठात पुरुष विद्यार्थ्यांचा आणि प्राध्यापकांचा विरोध सोसून शिकू पाहणाऱ्या सात स्त्रियांपैकी डॉ. पीची एक होत्या. रसायनशास्त्राच्या परीक्षेत मिळविलेली शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारण्यात आली होती. रखमाबाईंच्या आयुष्यात पुढे याच बाईंचे साहाय्य निर्णायक ठरले.

आता रखमाबाईंच्या घराकडे वळू. त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई, जात सुतार. रखमाबाई अडीच वर्षांच्या आतच असताना वडील वारले. त्या वेळी जयंतीबाईंचे वय होते सतरा. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला आणि पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे केली. ही मालमत्ता पुढे वादाचे एक मूळ ठरली, म्हणून तिचा उल्लेख आवश्यक आहे.

सखाराम अर्जुन हे त्या काळच्या मुंबईतील नामांकित डॉक्टर. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. वैद्यक आणि प्रसूतिशास्त्र या विषयांवर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिले. १८८३ साली मुंबईत निसर्ग-इतिहासाचा अभ्यास करणारी जी संस्था स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांमध्ये दोनच भारतीय होते; एक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे सखाराम अर्जुन. ज्या घरात प्रसूतिशास्त्राची मराठी पुस्तके लिहिली जात होती, त्या घरात ही मुलगी वाढली, हे ध्यानात ठेवावे. असे असूनही वयाच्या अकराव्या वर्षी, १८७६ च्या सुमारास, रूढीप्रमाणे तिचे लग्न झाले. वर दादाजी भिकाजी हे सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातील, वय एकोणीस. दादाजींनी शिक्षण पुरे करावे, अशी सासऱ्यांची अपेक्षा होती. ते झाले नाही. दादाजी शाळेपासून दूर गेले आणि मामाच्या घरी राहू लागले. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि मिळेल तेथून पुस्तके आणून वाचत राहिल्या. पुढच्या सात-आठ वर्षांत दोघांच्या मनांतील अंतर वाढत गेले.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीला घरी पाठविण्याची मागणी केली. ती मान्य न झाल्याने त्यांनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी उच्च न्यायालयात दावा लावला. हा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडच्या धर्मपीठांच्या कायद्यातून येथे आलेला. खुद्द इंग्लंडमध्ये असा हुकूम न पाळणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ सालीच रद्द झाली होती. मुंबईत मात्र ती शिल्लक होती. रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्रिंबक तेलंग होते. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. पतिपत्नींचे सहजीवन कधी सुरूच झाले नव्हते, तेव्हा ‘पुनःस्थापना’ कशाची करावयाची, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. अजाण वयात लग्न लागलेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या हवाली करणे त्यांना माणुसकीला सोडून वाटले.

हा निकाल ऐकण्यास सखाराम अर्जुन हयात नव्हते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले होते. ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त २६ जून १८८५ रोजी बालविवाहावर आणि पुढे सप्टेंबरात सक्तीच्या वैधव्यावर जी पत्रे प्रसिद्ध झाली, ती रखमाबाईंचीच. बालविवाहामुळे शिक्षण कसे खुंटते, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवाच्या आधारे मांडले होते. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या टिळकांच्या पत्रांनी तीव्र विरोध केला. धर्माच्या बाबीत परक्या सरकारने हात घालू नये आणि शिकलेल्या बायका संसार मोडतात, असे विरोधाचे दोन सूर होते. पहिल्या सुरात राजकीय तत्त्व होते. दुसऱ्यात मात्र पुरुषांना वाटणारी धास्ती होती. त्या काळच्या लिखाणात हे दोन्ही सूर एकमेकांत मिसळलेले आढळतात आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते वेगळे करून ऐकले पाहिजेत.

दादाजींनी अपील केले. १८८६ साली मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरविला आणि खटला पुन्हा चालविण्यास सांगितले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी पतीच्या घरी जावे. हुकूम न पाळल्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद होती. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली.

येथे क्षणभर थांबून तारखांकडे पाहावे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाई जोशी यांचे क्षयाने निधन झाले. अमेरिकेतून पदवी घेऊन आलेल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक मिळालेल्या आनंदीबाईंना एकाही दिवसाची नोकरी करावयास मिळाली नाही. त्यानंतर सातव्या दिवशी मुंबईत रखमाबाईंविरुद्ध निकाल लागला. म्हणजे एका आठवड्याच्या आत महाराष्ट्राने आपली एक स्त्री-डॉक्टर गमावली आणि पुढे डॉक्टर होणाऱ्या दुसरीला तुरुंगाची वाट दाखविली. दोघींच्या वयांत पाच महिन्यांचेही अंतर नव्हते. एकीला पतीने शिकविण्याचा ध्यास घेतला होता. दुसरीला शिकता यावे म्हणून पतीच्या घरी जाण्याचे नाकारावे लागले. दोन्ही वाटांवर निर्णायक शब्द पुरुषाचाच होता, हे आनंदीबाईंच्या चरित्राचा गौरव करतानाही विसरता येत नाही.

खटल्याच्या शेवटाविषयी एक आख्यायिका आजही सांगितली जाते: रखमाबाईंनी राणी व्हिक्टोरियाकडे अर्ज केला आणि राणीने विवाह रद्द केला. कथा आकर्षक आहे, पण खरी नाही. जुलै १८८८ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये स्वीकारून हुकूमाची अंमलबजावणी न मागण्याचे मान्य केले. विवाह कायद्याने तसाच राहिला. दादाजींनी पुढे दुसरे लग्न केले; पुरुषाला त्याची मुभा होती. रखमाबाई मात्र कायद्याच्या दृष्टीने अखेरपर्यंत त्यांच्याच पत्नी होत्या. आख्यायिकेत राणीची दया दिसते. वस्तुस्थितीत दिसतो तो एक व्यवहार, आणि त्यातून मिळालेले अर्धेमुर्धे स्वातंत्र्य. या अर्ध्या स्वातंत्र्याचे रखमाबाईंनी काय केले, हाच खरा प्रश्न आहे.

त्या शिकल्या. डॉ. पीची यांच्या प्रोत्साहनाने आणि इंग्लंडमधील मॅक्लारेन दाम्पत्यासारख्या स्नेह्यांच्या आधाराने १८८९ साली त्या लंडनला गेल्या. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी अभ्यास केला. रॉयल फ्री रुग्णालयात प्रत्यक्ष अनुभव घेतला. १८९४ साली त्यांनी स्कॉटलंडमधील वैद्यकीय संस्थांची अर्हता मिळविली आणि ब्रुसेल्सची एम. डी. ही पदवीही घेतली. लंडनमध्ये विद्यालय, स्कॉटलंडमध्ये परीक्षा आणि बेल्जियममध्ये पदवी, हा प्रवास आज विचित्र वाटेल. पण स्त्रियांना कोठे शिकू देत, कोठे परीक्षेला बसू देत आणि कोठे पदवी देत, याचा नकाशा त्या काळी असाच तुटक होता.

आणखी एक खुलासा करतो. रखमाबाईंचा ‘पहिली भारतीय स्त्री-डॉक्टर’ असा उल्लेख पुष्कळदा होतो. आनंदीबाईंनी पदवी मिळविली त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनी वैद्यकीय अर्हता मिळविली होती आणि त्यांनी प्रत्यक्ष व्यवसायही केला. रखमाबाई या पहिल्या पिढीतील मोजक्या स्त्रियांपैकी एक होत्या, एवढे म्हणणे पुरेसे आहे. पहिलेपणाच्या पदकावाचून त्यांचे मोठेपण उणे होत नाही.

परत आल्यावर काही काळ कामा रुग्णालयात काम करून १८९५ साली त्या सुरतेस आल्या. मोरारभाई व्रजभूखणदास माळवी यांच्या नावाने चालणाऱ्या स्त्रियांच्या रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

त्या वेळची सुरत कशी होती? मोगल काळात जगाच्या व्यापाराचे जे बंदर होते, त्याचे वैभव मुंबईने केव्हाच हिरावून नेले होते. १८३७ च्या भीषण आगीने आणि पाठोपाठच्या पुराने शहराचे कंबरडे मोडले होते. १९०१ च्या खानेसुमारीत सुरतेची वस्ती सुमारे १ लाख १९ हजार होती. जरीचे, रेशमाचे आणि किनखापाचे कारागीर, वाणी, पारशी, बोहरा, मोची, कोळी, असा नाना जातिधर्मांचा हा गाव. सुधारणेचा वारा येथे नवा नव्हता. दुर्गाराम मेहताजी आणि कवी नर्मद हे दोघे याच मातीतले. विधवाविवाहाचा उघड पुरस्कार नर्मदांनी केला होता. पण व्यासपीठावरची सुधारणा माजघरापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो.

माजघरात काय चालत असे? बाळंतीण म्हणजे सोयर. तिची खोली घरातील सर्वांत अंधारी, हवा कोंडलेली. प्रसूती करणारी सुईण अनुभवी असे, पण जंतूंची कल्पना तिला नसे. वापरलेलेच कापड, न उकळलेले हत्यार, आणि ताप चढला की नवस. पुरुष डॉक्टरने तपासणे बहुतेक कुटुंबांना अशक्य वाटे, तर पडद्यातील स्त्रियांच्या बाबतीत तो प्रश्नच उद्भवत नसे. म्हणून स्त्री-डॉक्टर हवी, असे सगळे म्हणत. परंतु स्त्री-डॉक्टर आली म्हणून रुग्ण दारात येतातच असे नाही. दवाखान्यात गेलेली बाई परत येत नाही, हा समज पक्का होता. त्यास आधारही होता, कारण सगळे उपाय थकल्यावर, अखेरच्या घटकेलाच बाईला तेथे आणीत. मग तिचा मृत्यू दवाखान्याच्या खात्यावर जमा होई. भीतीमुळे उशीर, उशिरामुळे मृत्यू आणि मृत्यूमुळे पुन्हा भीती, असे ते चक्र होते.

रखमाबाईंविषयी सुरतेत एक गोष्ट सांगितली जाते. बाळंतपणासाठी कोणी येईना, तेव्हा त्यांनी एक गाभण मेंढी रुग्णालयात आणविली, तिची प्रसूती केली आणि आई-पिलू दोघे सुखरूप आहेत हे आसपासच्या बायकांना दाखविले. तपशील कसाही असो, ही गोष्ट टिकली याला अर्थ आहे. वैद्यकाचे ज्ञान हे डॉक्टरच्या कामाचे निम्मे अंग; दुसरे निम्मे म्हणजे विश्वास. तो पदवीबरोबर मिळत नाही. तो दारातल्या प्रत्येक बाईकडून वेगळा मिळवावा लागतो. ज्या स्त्रीच्या नावाने देशभर वाद माजला होता, ‘नवरा सोडलेली बाई’ म्हणून जिची टवाळी झाली होती, तिच्या हाती सुरतेच्या घराघरांतील सासवांनी आपल्या सुना सोपवाव्यात, यासाठी किती वर्षे आणि किती संयम लागला असेल, याचा विचार करून पाहावा. उच्च न्यायालयाचा निकाल एका दिवसात लागतो. हा निकाल रोज थोडाथोडा लागत होता.

काळही सोपा नव्हता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उद्भवला आणि काही महिन्यांतच सुरत त्याच्या कचाट्यात सापडली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरांची झडती, रुग्णांना सक्तीने हलविणे, स्त्रियांची परपुरुषांकडून तपासणी, यांनी लोक संतापले. अशा वेळी शहरात स्त्री-डॉक्टर असणे याचे मोल निराळे सांगावयास नको. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ वरून गुजरातेत तो आजही ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो. या सर्व वर्षांत रखमाबाई सुरतेतच होत्या. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगाच्या भीतीने लाखो माणसे हे शहर सोडून गेली, ते दिवस आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. साथीच्या दिवसांत गावात राहून काम करणे म्हणजे काय, हे सुरतेच्या श्रोत्यांना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

या बावीस वर्षांतील दोन प्रसंगांचा उल्लेख करतो. पहिला १९०४ सालचा. त्या वर्षी दादाजी भिकाजी वारले आणि रखमाबाईंनी हिंदू विधवेप्रमाणे पांढरी साडी नेसण्यास सुरुवात केली. त्यांच्या चाहत्यांना हा प्रसंग अवघड वाटतो. काहींना त्यात पराभव दिसतो. मला वाटते, आपण येथे घाई करू नये. ज्या विवाहाचे पालन त्यांनी नाकारले, तो विवाह कायद्याने आणि समाजाने त्यांच्यावर अखेरपर्यंत लादला होता, ही वस्तुस्थिती त्या पांढऱ्या साडीने सर्वांसमोर ठेवली, एवढे निश्चित. शिवाय त्यांना रोज ज्या स्त्रियांमध्ये काम करावयाचे होते, त्यांच्यात विधवांची संख्या थोडी नव्हती. थोर माणसाचे प्रत्येक पाऊल आपल्या सिद्धांताला पोषक असलेच पाहिजे, हा हट्ट चरित्रकाराने सोडावा.

दुसरा प्रसंग १९०७ सालचा. डिसेंबरच्या अखेरीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन याच सुरतेत भरले. २७ तारखेला टिळक भाषणासाठी उभे राहिले, मंडपात गोंधळ झाला, जोडा भिरकावला गेला आणि सभा दुभंगली. इतिहासाच्या पुस्तकात ‘सुरत, १९०७’ म्हटले की हेच येते. वीस वर्षांपूर्वी ज्या स्त्रीविरुद्ध टिळकांच्या पत्रांनी लेखणी चालविली होती, ती त्या दिवसांत याच गावात बारा वर्षांपासून रुग्णांची सेवा करीत होती. टिळकांच्या राष्ट्रसेवेविषयी आदर बाळगूनही म्हणावेसे वाटते की शिकलेली स्त्री समाजाला निरुपयोगी होईल, या भाकिताला याहून शांत उत्तर दुसरे नसेल.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रखमाबाईंना सरकारच्या स्त्री-वैद्यकीय सेवेत पद देऊ करण्यात आले. ते न स्वीकारता त्या राजकोट येथील संस्थानी जनाना रुग्णालयात गेल्या. तेथे त्यांनी रेडक्रॉसचे कार्य उभे केले आणि १९२९-३० च्या सुमारास निवृत्त होऊन त्या मुंबईस परतल्या. १९२९ साली त्यांनी पडदापद्धती नाहीशी करण्याची आवश्यकता सांगणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. वयाच्या पासष्टाव्या वर्षी हा विषय त्यांना का निवडावासा वाटला असेल? १८८५ ची तरुण पत्रलेखिका स्वतःच्या दुःखावरून बालविवाहाकडे पाहत होती. १९२९ ची लेखिका सुरत आणि राजकोट येथील साडेतीन दशकांच्या अनुभवानंतर दुसऱ्या स्त्रियांच्या दुःखावरून पडद्याकडे पाहत होती. या दोन लेखनांच्या मधले अंतर म्हणजे त्यांचे वैद्यकीय आयुष्य होय.

स्त्री-डॉक्टरांचा आणि सामाजिक कायद्यांचा संबंध केवळ रखमाबाईंपुरता नाही. १८९० च्या सुमारास, संमतिवयाचा वाद ऐन भरात असताना, डॉ. मॉनेल मॅन्सेल या अमेरिकन बाईंच्या पुढाकाराने भारतात काम करणाऱ्या ५५ स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज पाठविला. कोवळ्या मुलींच्या देहांवर विवाहामुळे झालेल्या इजा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, त्यांची यादीच त्यांनी सादर केली. शास्त्रार्थाच्या कल्लोळात हा पुरावा निराळा उठून दिसला. १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहाचे बारा झाले. फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कपासून बरेलीपर्यंत आणि मुंबईपासून सुरतेपर्यंत या स्त्रियांनी वैद्यकाबरोबर हेही काम केले. जे घराच्या भिंतींआड झाकलेले होते, ते त्यांनी नोंदवहीत आणले.

रखमाबाईंचे निधन २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षे पूर्ण झाल्यावर झाले. त्याच वर्षी १८ मे रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. देशभरच्या हिंदू स्त्रियांना घटस्फोटाचा हक्क त्याने दिला. जो हक्क १८८४ साली असता तर खटल्याची वेळच येती ना, तो त्यांच्या डोळ्यांदेखत, मृत्यूपूर्वी चार महिने अवतरला. मात्र त्याच कायद्याच्या नवव्या कलमात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची तरतूदही कायम राहिली. असा हुकूम मोडणाऱ्या पत्नीला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ च्या दुरुस्तीने गेली होती, पण दाव्याचा प्रकार गेला नाही. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेला धरूनच असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे रखमाबाईंच्या नकाराने उभा केलेला प्रश्न त्यांच्यानंतरही मिटला नाही.

सुरतेतील एका रुग्णालयाला पुढे रखमाबाईंचे नाव देण्यात आले. २०१७ साली त्यांच्या जन्मदिनी गूगलने त्यांचे चित्र झळकविले, तेव्हा त्यांच्या गळ्यात स्टेथॉस्कोप आणि भोवती रुग्ण स्त्रिया होत्या. चित्रकाराने न्यायालय काढले नाही, रुग्णालय काढले. तीच दृष्टी योग्य आहे.

श्रोतेहो, सुधारणेचा इतिहास लिहिताना आपण भाषणे, निकाल आणि कायदे मोजतो. ते मोजणे सोपे असते, कारण त्यांना तारखा असतात. उंबरठा ओलांडून पहिल्यांदा दवाखान्यात आलेल्या बाईची तारीख कोणी लिहून ठेवीत नाही. १८८७ साली रखमाबाई सासरी गेल्या असत्या, तर एक खटला मिटला असता. आणि सुरतेच्या कित्येक घरांत कित्येक आया आणि बालके यांना वेळीच मिळालेला हात मिळाला नसता. त्यांच्या नकाराची किंमत दोन हजार रुपये अशी कागदावर नोंदली गेली; त्याचे फळ मात्र या शहराच्या वंशावळींत विखुरलेले आहे. येथे बसलेल्यांपैकी कोणाची पणजी त्यांच्या हातून सुटली असेल, हे सांगता येणार नाही, पण असे असणे मुळीच अशक्य नाही.

शाळा या संस्थेला हे आयुष्य विशेष जवळचे वाटावे. अकराव्या वर्षी जिचे शिक्षण लग्नाने थांबविले, त्या मुलीने पंचविसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी होऊन परक्या देशात, परक्या भाषेत शरीरशास्त्राचा धडा पहिल्यापासून गिरविला आणि मिळविलेली विद्या एका गावाच्या स्वाधीन केली. आपल्या वर्गातून एखाद्या मुलीचे नाव अवेळी कमी होते, तेव्हा पटावरची ती रिकामी ओळ कोणा डॉ. रखमाबाईंची असू शकते, एवढे स्मरण शिक्षकांनी, पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी ठेवावे, अशी विनंती करतो.